हनीफ मिस्त्रींची पॉलिसी

विम्याच्या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी लोकांच्या दारात किती वेळा उभी राहिले ते सांगता येणार नाही. मला लांबून येताना पाहिलं की काही दुकानदार गल्ल्याखाली वाकायचे आणि मी पुढे जाईपर्यंत काहीतरी शोधत राहायचे. स्वतःहून माझ्या ऑफिसचा जिना चढून आलेला आणि 'ताई, मन्हा धंदाना विमा काढना शे' म्हणालेला पहिला माणूस मला फार उशिरा भेटला. हनीफ मिस्त्री. नंदुरबारचे नळकामाचे कंत्राटदार. त्यांना जाऊन येत्या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील.

आमच्याकडे नळकामाचा कंत्राटदार म्हणजे एक मोटरसायकल, तिला लटकलेली पान्यांची पिशवी आणि हाताखाली चार-सहा माणसं. विमा म्हणजे त्या मोटरसायकलचा, तोही पोलिसांनी अडवू नये म्हणून. एखाद्या सरकारी कामाच्या टेंडरमध्ये अट असली तर लोक सगळ्यात स्वस्त कागद मागतात, फाइलीला लावतात आणि विसरून जातात. हनीफभाईंकडे टेंडर नव्हतं. कोणी अट घातली नव्हती. तरी ते आले होते.

उंच, खांद्यात किंचित वाकलेले, मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला खाकी शर्ट. पाइप चिकटवायच्या सोल्युशननं दोन्ही अंगठे कायमचे काळपट झालेले. ते खोलीत आले की त्या सोल्युशनचा वास त्यांच्याआधी यायचा. घरी हिंदी, बाजारात अहिराणी, मजुरांशी भिली, आणि साहेब लोकांपुढे जपून जपून शाळेतली मराठी. स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं अरुंद दुकान होतं. पाटीवर नाव नव्हतं. नुसतं 'नळकाम – लहान, मोठे' एवढंच. नाव का नाही घातलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की ज्याला पाणी पाहिजे तो नाव बघत नाही.

त्या पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी सुरुवात केली. कामगार जखमी झाला तर ही पॉलिसी, तुमच्या कामामुळे तिसऱ्याच माणसाचं नुकसान झालं तर ती पॉलिसी, काय काय मिळतं, किती मिळतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ताई, काय भेटाव नही ते पहिले वाचा. भेटनारं मंग दखसूत."

पॉलिसी इंग्रजीत होती, आणि काय मिळणार नाही ते शेवटच्या पानांवर. मी तोपर्यंत कधी तिच्या दुसऱ्या पानापलीकडे गेले नव्हते, आणि कोणत्याही गिऱ्हाइकानं मला तिकडे नेलं नव्हतं. आता नाही म्हणायची सोय नव्हती. मी एकेक ओळ वाचायची, डिक्शनरी उघडायची, मराठीत सांगायची. ते मान खाली घालून ऐकायचे आणि मध्येच विचारायचे. तीन दुपारी लागल्या. अचानक पाइप फुटून झालेलं नुकसान भरून मिळतं, पण महिनोन्महिने झिरपून भिंत खराब झाली तर मिळत नाही. आपल्या सांध्यामुळे दुसऱ्याचं सामान भिजलं तर सामानाचे पैसे मिळतात, सांधा पुन्हा करायचे नाहीत. नुकसानीचा पहिला काही भाग आपणच सोसायचा. दारू प्यायलेल्या कामगाराला इजा झाली तर हात वर. आणि कामगारांच्या पॉलिसीत कायद्यानं ठरलेली भरपाई असते, दवाखान्याचं बिल त्यात नसतं. ते पाहिजे असेल तर जास्तीचा हप्ता भरून वेगळं जोडून घ्यावं लागतं. हे शेवटचं मला स्वतःलाच माहीत नव्हतं. एजन्सीची सात-आठ वर्षं झालेली, आणि माझा धंदा मला एका प्लंबरनं शिकवला.

कामगारांचा विमा त्यांनी दवाखान्याच्या बिलासकट घेतला. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा घेतला. हत्यारांचा घेतला नाही. पाना चोरीला गेला तर पाना गेला, म्हणाले, त्याला बायको-मुलं नसतात.

हप्ता किती बसायचा? कामगारांची मजुरी जेवढी दाखवाल आणि काम जेवढं धोक्याचं सांगाल तसा तो वाढतो. म्हणून बाकीचे कंत्राटदार दहा माणसं असली तर चार दाखवतात, मजुरी निम्मी सांगतात, आणि उंचावर चढणाऱ्याला खाली बसवून ठेवतात, कागदावर. हनीफभाईंनी सगळे दाखवले, पुरी मजुरी दाखवली, गच्चीवरच्या टाक्यांचं काम आणि खोदकाम दोन्ही लिहायला लावलं. वर्षाचा हप्ता साधारण दोन मोठ्या बाथरूमच्या कामातून त्यांच्या हाती उरायचं तेवढा झाला. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर खुर्चीवरून उठला असता. त्यांनी तो पुढच्या सोमवारी आणून दिला आणि नंतर एकाही वर्षी चुकवला नाही.

तिसऱ्या दुपारी कागदपत्रं आवरताना मी विचारलं की हे सगळं तुम्हाला सुचलं कुठून. तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते आणि त्यांचा चुलतभाऊ इस्माईल सुरतेला एका कंत्राटदाराकडे होते. इस्माईल चौथ्या मजल्यावरून पाइप बसवताना पडला. कंत्राटदार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर गेला, आणि आमच्याकडे या नावाचा माणूस नव्हताच असं त्यानं सांगितलं. दोघं ज्या गाडीनं सुरतेला गेले होते त्याच गाडीनं हनीफभाई इस्माईलची मयत घरी घेऊन आले. एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला आणि खाली कुठे सही करायची ते विचारलं. या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधीच बोलले नाहीत.

त्यांच्या कामाच्या काही रीती होत्या. पाइप जोडून झाले की हातपंपानं पाणी दाबून भरायचं आणि दाबाचा काटा तासभर पाहत बसायचं. त्या यंत्राला ते घड्याळ म्हणत. तो तास संपेपर्यंत मालकाच्या घरचा चहा घ्यायचे नाहीत. भिंतीत कुठे गळतं हे शोधायला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक भिंतीला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी असे उभे होते तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं की मिस्त्रींना चक्कर आली. त्यांनी लगबगीनं पाणी आणलं. हनीफभाईंनी डोळे न उघडता, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यापासून वीतभर वर, असं सांगितलं. फोडलं तर तिथेच होतं. आणि कुणी फोन केला तर 'निघालोच' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर येतो म्हणाले की असरनंतर दारात.

पॉलिसी घेतल्याला चौथं वर्ष होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती, लग्नसराई जोरात. गावातल्या एका जुन्या साड्यांच्या दुकानाच्या वर एका डॉक्टरांचा नवा दवाखाना होत होता. तिथलं नळकाम हनीफभाईंचं. सकाळी दुकान उघडलं तर छतातून पाणी पडत होतं आणि दोन भिंतींवरच्या साड्या निथळत होत्या.

मला दुकानाचे मालक शांतिलालशेठ यांच्या मुनिमाचा, माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा, फोन आला. मी रिक्षात बसल्या बसल्या हनीफभाईंना फोन लावला. पॉलिसीत एक अट असते, आणि ती मीच त्यांना वाचून दाखवली होती. कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही. केली तर कंपनी अंग काढून घेऊ शकते. मी त्यांना हात जोडून सांगितलं की मी येईपर्यंत तोंड उघडू नका. ते म्हणाले, "ताई, उशीर व्हयना." ते तोवर सगळं बोलून मोकळे झाले होते.

ते माझ्याआधी पोचले होते. वर जाऊन त्यांनी पाणी बंद केलं, सुटलेला सांधा कापून काढला आणि तो हातात घेऊन खाली आले. दुकानाबाहेर माणसं जमली होती. शांतिलालशेठ डॉक्टरांवर ओरडत होते, डॉक्टर पाइपच्या कंपनीला शिव्या देत होते. हनीफभाईंनी तो तुकडा शेठजींच्या गादीवर ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं:

"सांधा मन्हा शे. चूक बी मन्हीच शे. पाइपले कोनी काही बोलू नका."

झालं होतं असं. आदल्या दिवशी डॉक्टरांना पाण्याची घाई होती. चिकटवलेल्या सांध्याला वाळायला रात्रभर वेळ द्यायचा असतो. हनीफभाईंनी दोन तासांत पाणी सोडलं. डॉक्टरांनी खूप आग्रह केला होता, पण ते नाव त्यांनी ना गर्दीत घेतलं ना नंतर. मी मात्र चिडले होते. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं की आता कंपनीनं हात वर केले तर हे सगळं तुमच्या अंगावर येईल, दुकान विकावं लागेल. ते शांतपणे म्हणाले की मला शेठजींची परवानगी पाहिजे, साड्या न्यायच्या आहेत.

त्या दुपारी मी जे पाहिलं ते मला आयुष्यभर पुरेल. हनीफभाईंनी हातगाड्यांवर साड्या घालून मोहल्ल्यात नेल्या. त्यांच्या घरच्यांनी आणि शेजारच्या बायांनी त्या गोड्या पाण्यातून काढल्या आणि सावली बघून गच्च्यांवर, कठड्यांवर, दोऱ्यांवर पसरल्या. शालू, पैठण्या, सुरती साड्या. पलीकडे मिरचीच्या पथारीवर लाल मिरची वाळत होती आणि इकडे पूर्ण मोहल्ल्याच्या छपरांवर लग्नाच्या साड्या. कोणती साडी कोणत्या छपरावर याची यादी हनीफभाईंच्या बायकोनं, सकीनाभाभींनी, मुलीच्या वहीत केली होती. निम्म्याहून जास्त साड्या वाचल्या. एकही हरवली नाही. शांतिलालशेठ संध्याकाळी स्वतः मोहल्ल्यात आले आणि एका ओट्यावर बसून राहिले. त्यांच्या तोंडचं ओरडणं कुठे गेलं ते त्यांनाही कळलं नसावं.

चार दिवसांनी कंपनीचा सर्व्हेअर नाशिकहून आला. मिरचीचा हंगाम, हवेत ठसका. बिचारा शिंकत शिंकत, डोळे पुसत पंचनामा करत होता. त्यानं हनीफभाईंना एक वाट दाखवून पाहिली. पाइपच्या मालातच दोष असू शकतो, नाही का? हनीफभाई म्हणाले, नाही, माल चांगला आहे, घाई मी केली. सर्व्हेअरनं पेन खाली ठेवलं. त्यानं विचारलं की असं बोलल्यानं तुमचं नुकसान होऊ शकतं हे तुम्हाला ठाऊक आहे का. हनीफभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की ताईंनी मला ती ओळ वाचून दाखवली आहे, पण पाणी कुठून गळलं हे आख्ख्या गल्लीनं पाहिलं, मग मी काय सांगू?

कंपनीकडून पत्र आलंच. अटीचा भंग का समजू नये, वगैरे. मी दोन महिने नीट जेवले नाही. शेवटी त्या सर्व्हेअरच्या अहवालानं काम झालं. त्यानं लिहिलं की कबुली दिली नसती तरी कारण तेच निघालं असतं, आणि विमेदारानं साड्या वाळवून कंपनीचंच नुकसान कमी केलं आहे. आपण सोसायचा पहिला भाग सोडून बाकी सगळं मंजूर झालं. शांतिलालशेठनी पुढे त्यांच्या दोन्ही नव्या इमारतींचं काम हनीफभाईंना दिलं. माझ्याकडे विम्याला येणारे लोकही वाढले. मिस्त्रींनी जिथून घेतला तिथून द्या, म्हणायचे.

मजुरांच्या यादीवरून मात्र आमचा एकदा वाद झाला होता आणि त्यात मी चुकीची होते. त्यांच्याकडे खोदकामाला सातपुड्यातली माणसं असायची. मोलगीच्या वरच्या पाड्यांतून उतरायची, नवरा-बायको दोघं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे ते हनीफभाईंच्या कामामुळे इथेच राहायला लागले होते. एका वर्षी पॉलिसी नव्यानं करताना मी सुचवलं की या बाया काही आठवडेच येतात, माती उचलतात, त्यांची नावं गाळली तर हप्ता बराच उतरेल. माझा हेतू चांगला होता. हनीफभाई माझ्याकडे पाहत राहिले.

"माती काय यादी वाचीसन पडस का, ताई?"

मी नावं घातली. त्यात एक नाव होतं जमनीबाई दिल्या वसावे.

पुढच्याच उन्हाळ्यात अक्कलकुव्याला एका वसतिगृहाच्या इमारतीचं काम होतं. पाइपसाठी लांब चर खोदला जात होता. शेजारच्या नव्या भिंतीवर रोज पाणी मारत होते, ते काळ्या मातीत मुरलं होतं. हनीफभाईंचा नियम असा की चर कंबरेपेक्षा खोल गेला की दोन्ही बाजूंना फळ्या लावायच्या. त्या दिवशी फळ्या दुसऱ्या कामावरून दुपारी यायच्या होत्या. सकाळी दहाच्या सुमाराला चराची एक बाजू बसली आणि जमनी छातीपर्यंत गाडली गेली.

हनीफभाई वरच्या मजल्यावर होते. ते कसे खाली आले ते त्यांना नंतर आठवत नव्हतं. लोक फावडी घेऊन धावले, त्यांनी एकालाही फावडं लावू दिलं नाही. पात्याखाली तिचं अंग येईल म्हणून. जमनीचा नवरा दिल्या आणि हनीफभाई दोघांनी हातांनी माती ओढली. साठीचा माणूस गुडघ्यांवर, नखं तुटलेली. तिला बाहेर काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती आणि तिची उजवी मांडी मोडली होती. तालुक्याच्या दवाखान्यातून तिला नंदुरबारला आणलं. मी पोचले तेव्हा हनीफभाई ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभे होते, शर्टाची बाही मातीनं कडक झालेली. मांडीत सळई बसवावी लागली. दवाखान्यानं पैशांचं विचारलं तेव्हा मी पॉलिसी पुढे केली. ते जास्तीचं जोडून घेतलेलं कलम त्या दिवशी उपयोगाला आलं.

मग जबाब लिहायची वेळ आली. हनीफभाईंनी सांगितलं ते मी मराठीत लिहीत गेले. त्यांनी शेवटी एक वाक्य घालायला लावलं: 'फळ्या दुपारी येणार होत्या, मी सकाळी काम थांबवायला पाहिजे होते, थांबवले नाही.' मी म्हटलं, हे लिहायची गरज नाही, कामगाराच्या भरपाईत चूक कोणाची हे सहसा कुणी विचारत नाही. त्यांनी सांगितलं, तरी असू द्या. ते वाक्य लिहिताना त्यांच्याकडे पाहायचं धाडस मला झालं नाही. जमनीच्या पायात कायमचं व्यंग राहणार हे दवाखान्यात तोवर सांगितलं होतं.

भरपाईचं प्रकरण अडकलं ते चुकीवरून नाही, नावावरून. आमच्या यादीत आणि हजेरीच्या वहीत जमनीबाई दिल्या वसावे. आधार कार्डावर यमुनाबाई दिलवर वसावे. कुठल्याशा शिबिरात कार्ड काढणाऱ्याला जमनी हे नाव बरोबर वाटलं नव्हतं, त्यानं सुधारून दिलं होतं. दोन्ही बाया एकच हे सिद्ध करा, असं कंपनीनं कळवलं.

हनीफभाई आणि मी जीपनं मोलगीला गेलो, तिथून दीड तास चालत पाड्यावर. कैरीच्या फोडी आमचूरसाठी दारादारात वाळत होत्या. सरपंच खाली राहायचे, त्यांना बरोबर घेतलं होतं. त्यांनी पाड्यातली माणसं गोळा केली आणि सरकारी थाटात विचारलं की यमुनाबाई इथे राहते का. सगळ्यांनी प्रामाणिकपणे माना हलवल्या. नाही. जमनीची सासू तर म्हणाली की असं नाव आम्ही ऐकलेलंच नाही. सरपंचांनी कागद घडी घालायला घेतला. हनीफभाई पुढे झाले, त्यांच्या मोडक्यातोडक्या भिलीत काय काय बोलले, आपल्या मांडीवर हात मारून दाखवला, कार्डावरचा फोटो दाखवला. तो फोटो हातोहात फिरला आणि एकदम हशा पिकला. आपल्या जमनीला सरकारनं यमुना केलं, ही गोष्ट त्यांना फारच आवडली. मग अंगठे घ्यायला शाई पुरेना. सासूनं केव्हाचा बिनदुधाचा चहा पुढे ठेवला होता. हनीफभाईंनी शेवटचा अंगठा उठल्यावर तो घेतला, गार झालेला.

पाच महिन्यांत भरपाई जमनीच्या खात्यावर आली. मी समजत होते की गोष्ट इथे संपली. पॉलिसीच्या दृष्टीनं संपलीच होती. पण साधारण आठ-नऊ महिन्यांनी जमनी लंगडत हनीफभाईंच्या दुकानात आली. खोदकाम आता होणार नव्हतं. पाड्यावर बसून राहणं तिला जमत नव्हतं. हनीफभाईंनी तिला घड्याळासमोर बसवलं. तासभर काटा पाहायचा, हलला तर सांगायचं. बाकीची माणसं असल्या कामात विडी ओढत, फोन बघत. जमनी तासभर पापणी न हलवल्यासारखी बसायची. तिसऱ्याच दिवशी तिनं केसभर उतार पकडला, जो दुसऱ्या दोघांना दिसत नव्हता. हनीफभाईंनी भिंतीला कान लावला आणि तो सांधा सापडला. त्यानंतर त्यांनी तिला आटे पाडायला शिकवलं, सांधे करायला शिकवलं, नकाशा वाचायला शिकवलं. तिला वाचता येत नव्हतं. पण नकाशातल्या रेघा तिला आमच्यापेक्षा लवकर कळायच्या.

लोक बोलले. कळसाडीला एका बागायतदाराच्या नव्या घराचं काम होतं. मालकानं हनीफभाईंना सांगितलं की बाई माती टाकायला ठीक आहे, बाथरूमचं काम तुम्ही करा. हनीफभाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पाने पिशवीत भरले आणि मोटरसायकल चालू केली. मालक रस्त्यापर्यंत मागे आला. ते काम जमनीनंच केलं. त्याच मालकानं पुढे आपल्या भावाच्या घरासाठी, ती लंगडणारी मिस्त्रीण पाठवा, असा निरोप दिला, हे हनीफभाईंनी मला मुद्दाम ऑफिसात येऊन सांगितलं. एरवी ते स्वतःच्या कामाबद्दल बोलायचे नाहीत. त्या दिवशी त्यांचा आवाज खालच्या पानवाल्यापर्यंत गेला असेल.

सहा वर्षांनी जमनीनं अक्कलकुव्याला स्वतःचं काम सुरू केलं. पाच माणसं हाताखाली, त्यातला एक दिल्या. आणि एका सकाळी ती माझ्या ऑफिसात आली, विमा काढायला. जिना चढायला तिला वेळ लागला. खुर्चीवर बसली, पदर नीट केला आणि माणसांची नावं सांगू लागली. दिल्याचं वय सांगताना अडली, बोटांवर मोजलं, दोनदा वेगळं सांगितलं, शेवटी त्याचं कार्डच काढून दिलं. गच्चीवर चढणार का, खोदकाम करणार का, असं मी एकेकाचं विचारत होते आणि ती एकही न लपवता उत्तर देत होती. मध्येच मला तो सोल्युशनचा ओळखीचा वास आला. मला वाटलं तिच्या हातांचा.

माझ्या खिडकीतून खालचा ओटा दिसतो. हनीफभाई तिथे बसले होते. तिच्याबरोबर ते नंदुरबार स्टँडवरून चालत आले होते आणि वर आले नव्हते. शेवटच्या वर्षात त्यांनी काम बंदच केलं होतं, छातीचा त्रास वाढला होता. पण खाकी शर्ट तसाच, बटणं मनगटापर्यंत. जमनीची पान्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. मी खिडकीतून हाक मारली, वर या, चहा मागवते. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला. जुन्या ओळखीचा असावा. टाकीचं काम आहे, केव्हा येता, असं काहीतरी विचारत होता. हनीफभाईंनी मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि मला वरपर्यंत ऐकू येईल इतक्या स्पष्ट आवाजात त्याला म्हणाले,

"मिस्त्री वर शे. थांबा जरासा."

मग त्यांनी सरकून त्या माणसाला ओट्यावर जागा करून दिली.